‘घरी न्या’च्या पुढचं वाक्य

“घरी न्या, सेवा करा.”

माझ्या आत्याचे कागद बघून डॉक्टर एवढंच बोलले. चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता, छातीवरची जखम उघडी होती. आणखी एक केमो देऊन हाल वाढवण्यात अर्थ नव्हता. पण त्या वाक्याला पुढे काहीच नव्हतं. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? रात्री दोनला ती ओरडायला लागली तर काय द्यायचं? जखमेला वास सुटला तर ती कशाने धुवायची? फोन कुणाला करायचा? फाईल मांडीवर, आत्या मागच्या सीटवर आडवी, आणि आम्ही चार शहाणीसुरती माणसं गाडीत गप्प. नांदुरा तालुक्यातलं तिचं गाव येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. खड्डा आला की ती कण्हायची, तेवढाच आवाज.

बुलढाणा जिल्ह्यात ही गाडी कुणी पाहिली नाही? घाटावरची माणसं संभाजीनगरहून परततात, घाटाखालची अकोल्याहून, नागपूरहून, कुणी थेट मुंबईच्या टाटाहून. तेरा तालुके, 2011 च्या जनगणनेप्रमाणे 25 लाख 86 हजार लोकवस्ती. मोठ्या दवाखान्याचा रस्ता सगळ्यांना पाठ झालाय. परतल्यावर त्या माणसाला आतल्या खोलीत ठेवतात. खिडकी लावून घेतात, उदबत्ती लावतात, पाहुण्यांना ओसरीवरच चहा देतात. आत काय चाललंय ते फक्त घरातल्या बाईला माहीत असतं. आज मला त्या खोलीबद्दल लिहायचंय, आणि तिथे शिरून खरोखर काही करू शकेल अशा माणसाबद्दल. ती म्हणजे सिस्टर.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द आता कानावर येऊ लागलाय. सरकारी कागदात उपशामक सेवा म्हणतात. अर्थ साधा आहे. आजार बरा होवो न होवो, माणसाचं दुखणं, धाप, मळमळ, खाज, उडालेली झोप आणि मनातली भीती यांवर नीट, शिकून-सवरून इलाज करायचा. ‘आता काही करण्यासारखं उरलं नाही’ असं जे आपण सर्रास म्हणतो ते साफ खोटं आहे. गाठीवर करण्यासारखं उरलं नसेल, माणसासाठी डोंगराएवढं उरलेलं असतं. आणि त्यातलं बहुतेक काम नर्सच्या हातचं आहे.

ही चळवळ उभी करणारी बाईसुद्धा आधी नर्स होती. सिसिली सॉन्डर्स. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलं, पाठीने दगा दिला म्हणून रुग्णालयात समाजसेविकेचं काम धरलं, मग मरणाऱ्या माणसांच्या वेदनांबद्दल आपलं कुणी ऐकून घ्यावं म्हणून चक्क डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. तिचं म्हणणं असं की दुखणं परत उसळायची वाट बघू नका, घड्याळ लावून त्याच्या आधीच पुढचा डोस द्या. हे तिला वॉर्डात, पलंगाशेजारी उभं राहून सुचलं होतं.

आमच्याकडे जी सिस्टर आली ती वहिनीच्या माहेरच्या ओळखीने आली. मुंबईला कर्करोगाच्या वॉर्डात उभी हयात काढून, निवृत्त होऊन शेगावला राहायला आलेली. ती आली तेव्हा आत्याला घरी आणून नऊ दिवस झाले होते. खोलीत शिरल्यावर तिने पदर नाकाला लावला नाही. एक स्टूल मागितलं, पलंगाला लावलं आणि बसली. ती बसली हे मला आजही ठळक आठवतं, कारण त्या नऊ दिवसांत आत्याजवळ कुणी बसलं नव्हतं. सगळे उभे राहून वाकून विचारत होते आणि निघून जात होते.

“आजी, रुपयात किती आणे दुखतंय?”

आत्या अर्धवट ग्लानीत होती. डोळे उघडले. हा प्रश्न तिच्या भाषेतला होता.

“पुरा रुपया हाये बाई. वरून चार आणे व्याज.”

शून्य ते दहाची पट्टी पुस्तकात असते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीला ती दाखवून उपयोग नाही. सोळा आणे तिला कळतात, बाजारहाट तिने त्यात केलेली असते. सिस्टरने वहीत लिहिलं: सोळा. मग कुठे दुखतं, कधी वाढतं, झोप लागते का, हगायला कधी झालं, शेवटचं पोटभर कधी खाल्लं, असे एकेक प्रश्न. सगळ्यात शेवटी विचारलं, “आजी, तुम्हाला काय झालंय असं वाटतं?”

आम्ही दाराशी उभे होतो, आमचे चेहरे पडले. आत्याला कर्करोग हा शब्द कुणी सांगितला नव्हता. ‘गाठ आहे, औषधाने विरघळेल’ असं सगळ्या घराने मिळून ठरवलेलं. आत्या शांतपणे म्हणाली, “मले समजत नाई काय? सून रोज चुलीपाशी रडते. पण मी इचारलं तं त्याईले वाईट वाटंल, म्हणून मी चूप.” नऊ दिवस ती आम्हाला सांभाळून घेत होती आणि आम्ही समजत होतो, आम्ही तिला. त्या दुपारी तिने पाटल्या कुणाला द्यायच्या ते सांगितलं, धाकट्या मुलीला बोलावून घ्या म्हणाली आणि किती तरी दिवसांनी वहिनीचा हात हातात धरून झोपली. एका प्रश्नाने झालं हे सगळं. पण तो प्रश्न केव्हा विचारायचा, उत्तर येईपर्यंत गप्प कसं राहायचं, रडू आलं तर काय करायचं, हे आपोआप येत नाही. ते शिकावं लागतं, शिकवता येतं, आणि आपल्या बहुतेक सिस्टरांना ते कुणी कधी शिकवलेलं नाही.

उलट आपल्या वॉर्डात बसलेली सिस्टर म्हणजे कामचुकार सिस्टर. राऊंडला साहेब आले आणि सिस्टर पेशंटजवळ स्टुलावर दिसली तर बोलणी खाते. इंजेक्शनं, सलाईन, रजिस्टरं, पुन्हा रजिस्टरं. पॅलिएटिव्ह केअरच्या प्रशिक्षणात तिला सांगावं लागेल की बसणं हे तुझं काम आहे. आणि तिच्या वरिष्ठांनाही सांगावं लागेल.

आता जखमेचं. हे वाचताना कुणाच्या हातात चहाचा कप असेल तर त्याने तो खाली ठेवावा, पण वाचावं.

उघड्या गाठीची जखम सडते तेव्हा जो वास येतो तो उदबत्तीने जात नाही. त्या वासाने माणूस जिवंतपणी वाळीत पडतो. नातवंडं खोलीत येईनात. खुद्द आत्या म्हणायची, माझ्याजवळ येऊ नका. आम्ही रोज जखमेवरची पट्टी ओढून काढत होतो, तिच्यासोबत कातडं निघत होतं, रक्त येत होतं. सिस्टरने वहिनीला पातेल्यात मीठ घालून पाणी उकळायला लावलं, निवू दिलं, मग त्या पाण्याने जुनी पट्टी भिजत ठेवली. “ओढायची नाही. सुटेल तेव्हा सुटेल.” पंधरा मिनिटांनी ती आपसूक सुटली. जखम त्याच पाण्याने धुतली. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, त्याच ज्या आपण जुलाबावर घेतो, कागदात घालून लाटण्याने बारीक कुटल्या आणि ती भुकटी जखमेवर पसरली. वर पट्टी. चौथ्या दिवशी वास निम्म्यावर आला, आठवड्याने खिडकी उघडली आणि शेजारची म्हातारी गप्पा मारायला आत येऊन बसली.

काही रुपयांच्या गोळ्या आणि मिठाचं पाणी. हे ज्ञान आमच्या गावापासून काही मैलांवरच्या उपकेंद्रात असायला हवं होतं. ते शेगावला निवृत्त होऊन आलेल्या एका बाईच्या डोक्यात होतं, आणि ती भेटली हा निव्वळ योग. ज्यांची तिच्याशी ओळख नाही त्यांचं काय?

वहिनी म्हणाली, “मले जमंल का पण?” सिस्टर म्हणाली, “आज मी करते, तू बघ. उद्या तू कर, मी बघते. परवा मी येणार नाही.” प्रशिक्षण कसं असावं याचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. कूस बदलणं तिने असंच शिकवलं. जुन्या लुगड्याची चौघडी कमरेखाली घालायची, दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं, ओढायचं नाही, कारण ओढण्यानेच कातडी सोलवटते. टाचांखाली उशी अशी, की टाच अधांतरी राहील. दर दोन तासांनी. वहिनीने शाळेची वही घेतली आणि वेळा लिहायला लागली.

बेडसोर होणारच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं, याचा दाखला महाराष्ट्राइतका मोठा कुणाकडेच नाही. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली जवळपास 42 वर्षं त्या अंथरुणावर होत्या. खटला चालला तोवरच्या सगळ्या काळात त्यांना एकदाही बेडसोर झाला नव्हता, हे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं. 2011 च्या निकालाची चर्चा आपण दयामरणाच्या अंगाने केली, ती करायलाच हवी होती. पण त्याच निकालाच्या पोटात नर्सिंगच्या कलेचं केवढं मोठं प्रमाणपत्र आहे, ते आपण वाचलंच नाही. पिढ्यांमागून पिढ्या सिस्टर बदलल्या आणि एका पिढीने दुसरीला कूस बदलणं, भरवणं, पुसणं शिकवलं. अंथरुणाला खिळलेल्या बाईची कातडी इतकी वर्षं शाबूत ठेवणारं ज्ञान ज्या राज्यात आहे, तिथे आपल्या गावातली म्हातारी दोन महिन्यांत पाठीला हाड दिसेपर्यंत सडते. मला याचा राग येतो.

राहिली गोळी. मॉर्फिन.

सिस्टरला सगळं येत होतं, पण हे तिच्या हातात नव्हतं. मणक्यातलं दुखणं साध्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, “मॉर्फिन लागेल. शोधा.” आतेभाऊ आणि मी निघालो. पहिल्या शहरात दुकानदार म्हणाला, ते आम्ही ठेवत नाही. दुसऱ्या शहरात एका डॉक्टरांनी विचारलं, व्यसन लागलं म्हणजे? मी त्यांच्याकडे बघत राहिलो. जिला महिना दीड महिना उरलाय त्या बाईला व्यसन लागेल याची काळजी! तिसऱ्या शहरात साहेब रजेवर होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. चौथ्या शहरात गोळ्या मिळाल्या. दहा मिलिग्रॅमच्या पांढऱ्या, शर्टाच्या बटणाहून लहान. तोवर दोन दिवस आणि दोन रात्री गेल्या होत्या. त्या दोन रात्रींचा हिशेब कुणाकडे मागायचा?

सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. त्याच राज्याच्या वायव्य टोकाला नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते. म्हणजे वेदनेचं औषध आपल्याच मातीत उगवतं. मग अडलं कुठे? 1985 मध्ये अंमली पदार्थांचा कायदा आला. गर्दुल्ल्यांना आणि तस्करांना आवर घालायला आला, पण परवान्यांच्या जंजाळाने आणि शिक्षेच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर 97 टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांच्या पिढ्या हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडल्या, सिस्टरांच्याही. 2014 मध्ये संसदेने कायदा बदलला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध प्रशासनाकडून मंजुरी मिळवली, प्रशिक्षित डॉक्टर नेमला आणि नोंदी नीट ठेवल्या की मॉर्फिन ठेवता येतं, देता येतं. पाच-पाच परवान्यांची गरज संपली. कायद्याने दार उघडून दिलंय, आत जायला कुणी तयार नाही.

मॉर्फिनची भीती ही अज्ञानाची भीती आहे आणि ती नर्सच्या प्रशिक्षणातच मोडावी लागते, कारण गोळी शेवटी तिच्या हातून जाते. थोड्यापासून सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवत नेलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. दर चार तासांनी द्यायचं, घड्याळ बघून. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत, नाही तर दुखणं थांबतं आणि बद्धकोष्ठाने जीव जातो. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, मग कमी होते. हे वहिनीला कुणी आधी सांगितलं नसतं तर पहिल्याच गुंगीला घाबरून तिने गोळ्या बंद केल्या असत्या. सिस्टरने सांगून ठेवलं होतं, म्हणून केल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने फोनवर विचारलं, आजी, किती आणे? “सहा,” आत्या म्हणाली. आठवड्याने चार. मग तिने कढी मागितली.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे फक्त कर्करोग, ही समजूत बुलढाण्यात तरी टिकू नये. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा: पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी जिभेला लावून बघा. किडनीच्या आजाराने इथली गावंच्या गावं पोखरली आहेत, आणि डायलिसिस परवडेनासं झालं किंवा सोसेनासं झालं की तो माणूसही आतल्या खोलीतच येऊन पडतो. त्याला धाप असते, अंगभर सूज असते आणि वेड लागेल अशी खाज. त्याच्या शुश्रूषेची गणितं वेगळी. मॉर्फिनसुद्धा त्याच्या शरीरात साचत जातं, कारण ते बाहेर टाकणारी किडनीच निकामी. त्याला मात्रा कमी, अंतर जास्त, लक्ष दुप्पट. मुंबईत छापलेलं एकच पुस्तक राज्यभर वाटून हे भागणार नाही. बुलढाण्याच्या सिस्टरच्या प्रशिक्षणात किडनीचं प्रकरण पहिल्या आठवड्यात यायला हवं.

भाषेचंही तेच. सातपुड्याच्या पायथ्याशी भिंगारा, चाळीसटापरीकडे भिल्ल, बारेला, कोरकू, निहाल राहतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जिचं नातं अजून नक्की जुळवता आलेलं नाही ती निहाली भाषा आपल्या जळगाव जामोद तालुक्यात बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ ती टिपायला लांबून येतात. त्या भाषेत ‘ठणका’ आणि ‘आग’ यांना वेगळे शब्द आहेत का, हे तिथल्या सिस्टरला माहीत असायला नको? ठणक्याचं औषध वेगळं आणि नसेच्या आगीचं वेगळं. म्हातारीने काय म्हटलं ते कळलं नाही तर गोळी चुकते.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, महाराष्ट्राने 2012 मध्ये. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. नाशिक जिल्ह्यात टाटा मेमोरियलच्या मदतीने कामाला सुरुवात झाली. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक सेवा आज लिहिलेली आहे. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, 1986 मध्ये वांद्र्यालाच सुरू झालं. म्हणजे उशीर झाला म्हणायलाही जागा नाही. सुरुवात आपल्याच राज्यात झाली आणि ती घाटाखालच्या उपकेंद्रापर्यंत पोचायची राहिली.

केरळचं वेगळेपण पैशात नव्हतं. 1993 मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही मित्रांनी एक लहानसं केंद्र काढलं. पुढे त्यातून मोहल्ल्या-मोहल्ल्यात स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. रिक्षावाले, शिक्षक, दुकानदार आठवड्याचे दोन तास देऊ लागले. पंचायतींनी गाडी दिली, नर्स नेमली. ती नर्स घरोघर जाते आणि तिचं प्रशिक्षण आठवड्यांच्या हिशेबाने होतं, तासांच्या नव्हे. तिकडे आफ्रिकेत युगांडाने आणखी एक पाऊल टाकलं. डॉक्टर मिळत नाहीत हे कबूल करून 2004 मध्ये खास प्रशिक्षित नर्सना मॉर्फिन लिहून द्यायचा अधिकारच दिला. आपल्याकडे नर्सला तो अधिकार नाही. द्यावा की नाही यावर वाद घालू, पण युगांडाने तिच्यावर ठेवलेला विश्वास आपण वाद घालण्याइतकाही दाखवलेला नाही.

स्वयंसेवक कुठून आणायचे, हा प्रश्न बुलढाण्याने तरी विचारू नये. शेगावच्या मंदिरात जाऊन सेवाधारी बघा. हजारोंनी येतात, पाळी लावून येतात, पांढऱ्या कपड्यांत झाडू घेऊन, पंगतीत वाढपी म्हणून, चपला सांभाळायला उभे राहतात, एक पैसा घेत नाहीत. ती शिस्त, ती निष्ठा या जिल्ह्याच्या रक्तात आहे. तीच माणसं गावी परतल्यावर शेजारच्या आतल्या खोलीत आठवड्यातून एक तास गेली, म्हातारीची कूस बदलायला दुसरी बाजू धरली, औषध आणायला मोटारसायकल काढली, तर एकट्या सिस्टरचा भार निम्मा होईल. त्यांना बोलावणारं आणि शिकवणारं कुणीतरी हवं. ती सिस्टरच असणार.

म्हणून माझी मागणी सिस्टरपासून सुरू होते. एक दिवस हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून हे शिकवता येत नाही. हाताला शिकायला वेळ लागतो, कानाला त्याहून जास्त. किमान काही आठवडे, त्यातले निम्मे लोकांच्या घरी, जाणत्या सिस्टरच्या मागोमाग. आज ती करेल तू बघ, उद्या तू कर ती बघेल. शिकलेल्या सिस्टरला पुढच्याच महिन्यात लसीकरणाच्या रजिस्टरावर बसवू नका. तिला गाडी द्या, गाडी नसेल तर स्कूटी आणि पेट्रोल द्या. गावात कोण अंथरुणाला आहे हे आशाताईला तोंडपाठ असतं, तिच्या यादीवरून सिस्टरचा आठवडा लावा. जिल्ह्यात निदान एका सरकारी रुग्णालयात मॉर्फिन बारा महिने असू द्या आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात नको. आणि सिस्टरशीही कुणीतरी बोला. महिन्याला चार घरांतून मरण पाहून ती स्वतःच्या घरी जाते, पोरांचे डबे करते. तिचं रडू कुठे जातं, हे प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात कधीच नसतं.

बुलढाण्याला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. शंभर जागा, कोरं कॉलेज. जुन्या कॉलेजात सवयी मोडाव्या लागतात, इथे लावता येतील. डॉक्टर होऊ घातलेली ती पोरं आणि सिस्टर एकाच गाडीत बसून गृहभेटीला जाऊ द्या. आतल्या खोलीत स्टुलावर बसलेल्या सिस्टरमागे उभं राहून त्यांनी बघितलं, तर पुढे आयुष्यात ‘घरी न्या’ म्हणताना त्यांना पुढचं वाक्यही सांगता येईल: कोण येणार, कधी येणार, कुठली गोळी, किती वाजता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख माणसांना ही सेवा लागते आणि 14 टक्क्यांना ती मिळते. त्या 14 टक्क्यांत माझी आत्या अपघाताने बसली, शेवटचे सदतीस दिवस.

ती पहाटे गेली. सहा आण्यांच्या वर दुखणं पुन्हा गेलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत घशात घरघर लागली तेव्हा आम्ही घाबरलो, पण सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की हे होईल, कुशीवर वळवा, ओठ ओल्या फडक्याने टिपत राहा, तिला त्याचा त्रास होत नसतो. वहिनी रात्रभर ओठ टिपत होती. धाकटी मुलगी पायाशी.

वहिनीची ती शाळेची वही आता माझ्याकडे आहे. निळ्या शाईत, पहिली काही पानं गिचमिड, पुढे अक्षर सुधारत गेलेलं. 4 उजवी. 6 डावी. 6 गोळी. 8 सरळ, टाच बघितली, लाल नाही. 10 गोळी, कढी दोन चमचे. किती आणे: 4. मधेच एका पानावर वेळ नाही, काही नाही, फक्त ‘आज हसल्या’ असं लिहिलंय. जिल्ह्यातल्या सिस्टरांसाठी ज्यांना कुणाला शिकवणीचं पुस्तक तयार करायचं असेल, त्यांनी ही वही माझ्याकडून न्यावी. परत केली नाही तरी चालेल, वहिनीला मी विचारलंय.